सवलत त्यांना, काटकसर आम्हाला!



रेल्वेच्या तिकिटावर काही वर्षांपूर्वी एक ओळ छापायला सुरुवात झाली. प्रवासाचा जो खर्च येतो त्यातला सरासरी ५७ टक्केच भाग भाड्यातून वसूल होतो, अशी ती ओळ. खिडकीत बसलेल्या आपल्या बुकिंग क्लार्क बंधूने ते तिकीट फाडून द्यायचे आणि दुसऱ्या वर्गाच्या डब्यात लोंबकळत जाणाऱ्या प्रवाशाने ते वाचून मनातल्या मनात ओशाळायचे, अशी ही योजना! बाबा रे, तू फुकट्या आहेस, सरकार तुझ्यावर उपकार करते आहे, हे त्याला रोज सकाळ-संध्याकाळ बजावायचे.

आता दुसरे चित्र पाहा. कोणी एक धनिक विजेवर चालणारी मोटार घेतो. करापूर्वीची किंमत तीस लाख धरू. विजेच्या गाडीवर जीएसटी ५ टक्के, म्हणजे दीड लाख रुपये. सप्टेंबर २०२५ पासूनच्या दरांप्रमाणे तेवढ्याच किमतीच्या पेट्रोलच्या मोठ्या मोटारीवर ४० टक्के, म्हणजे बारा लाख. एका गाडीमागे साडेदहा लाखांचा कर सरकारने सोडला. त्या धनिकाच्या पावतीवर कोणी अशी ओळ छापली आहे काय, की साहेब, आपल्या गाडीसाठी देशाने साडेदहा लाखांवर पाणी सोडले आहे?

नाही छापली. छापणारही नाही. कारण गरिबाला दिले की ती सबसिडी, आणि श्रीमंताला दिले की ते प्रोत्साहन! सारा प्रश्न इथेच आहे, आणि रेल्वे व टपाल कामगारांनी तो समजून घेण्याची वेळ आली आहे.

आम्ही विजेचे वैरी नाही

प्रथम एक गैरसमज दूर करू. कामगार संघटनांनी असा विषय काढला की लगेच ओरड होते, 'हे लोक प्रगतीच्या आड येतात, यांना धूर हवा, यांना जुनेच हवे.' ही ओरड करणाऱ्यांना आम्ही एवढेच सांगू इच्छितो की विजेची गाडी आम्हाला शिकवू नका. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्याकडे विजेची पहिली गाडी निघाली, ती रेल्वे कामगारांनीच चालवली. पुढे काही वर्षांतच भोर आणि थळ हे दोन्ही घाट विजेच्या इंजिनांनी सर केले. त्या विजेसाठी ठाकुर्लीजवळ चोळा येथे रेल्वेने स्वतःचे वीजकेंद्र उभारले. या घटनेला १०० वर्षे होऊन गेली. आज देशातील ब्रॉडगेज मार्गांपैकी जवळजवळ सर्व मार्गांवर तारा पोचल्या आहेत. २५ हजार व्होल्टच्या तारेखाली उन्हापावसात उभे राहून हे काम कोणी केले? कर्षण विभागाच्या, ट्रॅकच्या, सिग्नलच्या आणि ठेकेदाराकडे राबणाऱ्या कामगारांनी केले. त्यात किती जण भाजले, किती जण पडले, त्याची आठवण उद्घाटनाच्या फलकावर नसते.

म्हणून आम्ही म्हणतो, या देशातील सर्वांत मोठे इलेक्ट्रिक वाहन म्हणजे रेल्वेगाडी. तिला लिथियमची बॅटरी लागत नाही, त्यासाठी परदेशाच्या खाणींकडे तोंड वेंगाडावे लागत नाही, चार्जिंगसाठी तासन् तास थांबावे लागत नाही. एक मालगाडी शेकडो ट्रकांचा माल एका वेळी ओढते. धूर आणि तेलाची आयात कमी करणे हाच जर खरा हेतू असेल, तर पहिला पैसा इथे यायला हवा होता. वस्तुस्थिती काय आहे? १९५१ साली देशाच्या मालवाहतुकीत रेल्वेचा वाटा ८० टक्क्यांहून जास्त होता. तो घसरत घसरत ३० टक्क्यांच्या आत आला. राष्ट्रीय रेल्वे योजनेत २०३० पर्यंत हा वाटा ४५ टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. उद्दिष्ट चांगलेच आहे. पण रिकाम्या जागा भरल्याविना, ट्रॅकमन आणि पॉइंट्समन यांच्यावरचा बोजा कमी केल्याविना ते कसे गाठणार, याचे उत्तर कोणी देत नाही. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात!

थोडा हिशेब मांडू या

आता आकड्यांकडे वळू. आकडे कंटाळवाणे असतात असे म्हणून आपण ते सोडून देतो, आणि आपले नुकसान नेमके तिथेच होते.

विजेच्या वाहनांसाठी केंद्राने २०१५ मध्ये 'फेम' नावाची योजना सुरू केली. तिचा दुसरा टप्पा एप्रिल २०१९ मध्ये दहा हजार कोटींचा म्हणून आला, तो वाढत ११,५०० कोटींचा झाला. तो मार्च २०२४ मध्ये संपला तेव्हा मधल्या सहा महिन्यांसाठी आणखी एक योजना आली, तिची तरतूद अखेर ७७८ कोटींवर गेली. ऑक्टोबर २०२४ पासून 'पीएम ई-ड्राइव्ह' आली, तिची तरतूद १०,९०० कोटी. याखेरीज कारखानदारांसाठी उत्पादनाशी जोडलेले प्रोत्साहन वेगळे: बॅटरीसाठी २०२१ मध्ये १८,१०० कोटी आणि विजेची वाहने व अन्य प्रगत वाहन तंत्रज्ञान यांसाठी २५,९३८ कोटी. या सर्व तरतुदींची बेरीज ६७ हजार कोटींच्या वर जाते. यातला सगळा पैसा खर्च झाला असे आम्ही म्हणत नाही. जीएसटीतली सूट, राज्यांनी माफ केलेला रस्ता कर, माफ केलेला टोल हे सारे मात्र या बेरजेबाहेरच आहे.

कोणी म्हणेल, 'फेमच्या दुसऱ्या टप्प्यात खाजगी मोटारीला थेट रोख मदत नव्हती, ती दुचाकी, रिक्षा, टॅक्सी आणि बस यांनाच होती.' बरोबर आहे, आम्ही ते मान्य करतो. पण पुढच्या दाराने जे दिले नाही ते मागच्या दाराने दिले, त्याचे काय? विजेची गाडी कर्जाने घेणाऱ्याला व्याजापोटी दीड लाखापर्यंतची रक्कम आयकरातून वजा करण्याची सोय २०१९ च्या अर्थसंकल्पाने दिली. मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांना ती लागू झाली. पस्तीस हजार डॉलर व त्यावरील किमतीच्या परदेशी विजेच्या मोटारींवरची आयात जकात ७० ते १०० टक्के होती. येथे गुंतवणूक करू असे वचन देणाऱ्या कंपन्यांना ती १५ टक्क्यांवर आणून देण्याचे धोरण मार्च २०२४ मध्ये जाहीर झाले. या किमतीची मोटार कोणत्या गँगमनच्या, कोणत्या पोस्टमनच्या दारात उभी राहणार होती?

आणि आपल्या महाराष्ट्रात तर मौजच झाली! मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात राज्य सरकारने तीस लाखांहून महाग विजेच्या मोटारींवर ६ टक्के कर सुचवला. एवढासा कर, तोही श्रीमंतांतल्या श्रीमंतांवर. महिना उलटायच्या आत तो मागे घेत असल्याची घोषणा विधिमंडळात झाली. इतक्या तत्परतेने कोणत्या कामगाराची कोणती मागणी मान्य झाल्याचे आपल्याला आठवते? ज्येष्ठ नागरिकांची रेल्वे भाड्यातली सवलत मार्च २०२० मध्ये महामारीचे निमित्त करून बंद झाली. साठ वर्षांच्या वृद्धाला ४० टक्के आणि अठ्ठावन्न वर्षांच्या वृद्धेला ५० टक्के सूट मिळत होती. महामारी ओसरली, गाड्या सुरू झाल्या, सवलत काही परत आली नाही. तिजोरीवर भार पडतो म्हणे!

बरे, दिलेल्या पैशाची राखण तरी नीट झाली काय? फेमच्या दुसऱ्या टप्प्यात दुचाकी बनवणाऱ्या काही कंपन्यांनी देशी सुटे भाग वापरण्याची अट मोडून अनुदान लाटल्याचे चौकशीत पुढे आले आणि २०२३ मध्ये सरकारला पैसे परत मागावे लागले. काहींनी गाडीची किंमत मर्यादेत दिसावी म्हणून चार्जरचे पैसे ग्राहकाकडून वेगळे उकळले होते, तेही परत करावे लागले. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, ते हेच! गरिबाच्या शिधापत्रिकेवर एक नाव जास्त निघाले तर त्याला चोर ठरवणारे शहाणे या बाबतीत मूग गिळून बसले.

एकाची ती सबसिडी, दुसऱ्याचे ते प्रोत्साहन

आता गरिबाच्या इंधनाचे काय झाले ते पाहू. जून २०१० मध्ये पेट्रोलचे भाव सरकारी नियंत्रणातून मुक्त झाले, ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे. 'बाजारात भाव उतरले की तुम्हालाही स्वस्त मिळेल,' असे तेव्हा सांगितले गेले. जगात तेल घसरले तेव्हा काय झाले? नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१६ या काळात केंद्राने अबकारी शुल्क नऊ वेळा वाढवले. २०१४ मध्ये पेट्रोलवर लिटरमागे ९ रुपये ४८ पैसे असलेले शुल्क मे २०२० मध्ये ३२ रुपये ९८ पैशांवर गेले. डिझेलवरचे ३ रुपये ५६ पैशांवरून ३१ रुपये ८३ पैशांवर. पुढे काही कपात झाली, पण जुन्या पातळीवर ते परतले नाही. डिझेल महागले की भाजी महागते, एसटीचे भाडे वाढते, शेतकऱ्याचा ट्रॅक्टर महागतो.

शिधावाटपाचे रॉकेल २०१६ पासून दर काही दिवसांनी पंचवीस-पंचवीस पैशांनी वाढवत नेले आणि त्यावरची सबसिडी संपवून टाकली. एकदम गळा दाबला तर ओरड होते, म्हणून बोटाबोटाने दाबला. स्वयंपाकाच्या गॅसची सर्वसाधारण ग्राहकाची सबसिडी २०२० च्या मध्यापासून बहुतांशी शून्यावर आली. उज्ज्वला योजनेतल्या भगिनींना मे २०२२ पासून सिलिंडरमागे २०० रुपये आणि ऑक्टोबर २०२३ पासून ३०० रुपये मिळू लागले. पण ज्या रेल्वे हमालाचे, ज्या ग्रामीण डाकसेवकाचे नाव त्या यादीत नाही, त्याने काय करायचे?

आणखी एक गोष्ट आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. स्वच्छ ऊर्जेसाठी म्हणून २०१० साली कोळशावर टनामागे ५० रुपयांचा उपकर बसवला. तो वाढत २०१६ मध्ये ४०० रुपये झाला. कोळशावरचा कर म्हणजे अखेर विजेच्या बिलातला कर, तो तुम्ही-आम्ही भरला. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा हा पैसा स्वच्छ ऊर्जेऐवजी राज्यांची नुकसानभरपाई करण्याकडे वळवला गेला. म्हणजे पर्यावरणाच्या नावाने पैसा गरिबाकडून घ्यायचा, तो भलतीकडेच खर्च करायचा, आणि पर्यावरणासाठी पुन्हा पैसा हवा म्हणून गरिबाच्याच सवलती कापायच्या!

विजेची मोटार धूर सोडत नाही असे म्हणतात. रस्त्यावर सोडत नाही हे खरे. पण देशातल्या विजेचा मोठा भाग अजूनही कोळशातून येतो. तो धूर चंद्रपूरच्या, कोराडीच्या, कोरबाच्या माणसाच्या छातीत जातो. रेल्वेच्या मालवाहतुकीत जवळजवळ निम्मा कोळसाच असतो, तेव्हा त्या कोळशाच्या वाघिणी आपणच ओढतो. पवनचक्क्या आणि सौरऊर्जा वाढत आहेत, ती वाढलीच पाहिजे. परंतु मलबार हिलवरच्या गाडीचा धूर चंद्रपूरला नेऊन सोडणे याला प्रगती म्हणायचे असेल, तर चंद्रपूरकरालाही त्या प्रगतीत काही वाटा मिळायला नको काय?

बस आली, पण कोणाची?

'मग बसला तर मदत मिळते ना? बस तर गरिबाचीच,' असे कोणी म्हणेल. बसला मदत मिळायलाच हवी. पीएम ई-ड्राइव्हमध्ये १४,०२८ बससाठी ४,३९१ कोटी ठेवले, त्याचे आम्ही स्वागतच करतो. ऑगस्ट २०२३ मध्ये दहा हजार बसची आणखी एक योजना मंजूर झाली, तिच्यात केंद्राचे २० हजार कोटी. पण या बसची मालकी कोणाची? ती खाजगी कंत्राटदाराची. चालकही त्याचा. महापालिकेची परिवहन संस्था किंवा एसटी त्याला किलोमीटरमागे भाडे देणार. म्हणजे सार्वजनिक पैशातून बस उभी राहिली, रस्ता सार्वजनिक, आगार सार्वजनिक, प्रवासी सार्वजनिक, फक्त नफा तेवढा खाजगी!

सप्टेंबर २०२४ मध्ये याच्याही पुढची पायरी गाठली. कंत्राटदाराचे बिल थकले तर केंद्राच्या निधीतून त्याला ते मिळावे, म्हणून ३,४३५ कोटींची हमी योजना मंजूर झाली. थकलेली रक्कम नंतर राज्याच्या रिझर्व्ह बँकेतल्या खात्यातून वळती करून घेण्याची तजवीज आहे. महाराष्ट्रातल्या कामगाराला ही कथा नवी नाही. दाभोळला एन्रॉन आली तेव्हा अशीच हमी होती. राज्याने हमी दिली, त्यावर केंद्राने प्रतिहमी दिली. वीज परवडेना, वीज मंडळ गळ्यापर्यंत बुडाले, २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला आणि त्याचे ओझे सरकारी कंपन्यांच्या व बँकांच्या डोक्यावर आले. पुढे त्याच दाभोळची वीज रेल्वेच्या गळ्यात बांधून ते केंद्र चालते ठेवावे लागले. हमी नेहमी भांडवलाला असते. त्या बसच्या चालकाचा पगार वेळेवर होईल, त्याचा भविष्यनिर्वाह निधी भरला जाईल, त्याला प्रशिक्षण मिळेल, याची हमी कोणत्या योजनेत आहे?

प्रशिक्षणाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. ९ डिसेंबर २०२४ च्या रात्री कुर्ल्याला भाडेतत्त्वावरची एक मोठी इलेक्ट्रिक बस गर्दीत घुसली आणि अनेक निरपराध लोकांचे जीव गेले. अशी बस हाती देण्यापूर्वी चालकाची किती तयारी करून घेतली होती, हा प्रश्न तेव्हा साऱ्या मुंबईने विचारला. रेल्वेत लोको पायलटला नवे इंजिन देण्यापूर्वी रीतसर शिकवले जाते, मार्गाची ओळख करून दिली जाते, त्याच्या सह्या घेतल्या जातात. हे नियम कोणी मेहेरबानी म्हणून दिलेले नाहीत. अपघातांतून आणि संघटनांच्या लढ्यांतून ते आले. ज्या दिवशी चालक कंत्राटदाराचा होतो, त्या दिवशी हे नियमही कंत्राटदाराच्या मर्जीवर जातात. रेल्वेचे खाजगीकरण मागणाऱ्यांना आम्ही कुर्ल्याच्या त्या रस्त्याकडे बोट दाखवतो.

आपल्या घरातही हेच चालू आहे. विजेची इंजिने चित्तरंजनला आपल्याच कारखान्यात बनतात. वाराणसीचा डिझेल इंजिनांचा कारखानाही विजेच्या इंजिनांकडे वळवला गेला आणि तेथील कामगारांनी ते नवे काम उत्तम करून दाखवले. असे असताना शक्तिशाली मालगाडी इंजिनांची मोठी कंत्राटे मधेपुरा आणि दाहोद येथे परदेशी कंपन्यांच्या पदरात पडली. डिझेल शेडमधल्या फिटर बंधूला मात्र सांगायचे, 'तुझे काम संपत आले, कुठेतरी सामावून घेऊ.' सामावून घेणे म्हणजे बहुतेक वेळा दूरची बदली आणि शिकलेल्या हुन्नराची माती. ज्या हातांनी तीस वर्षे इंजिने दुरुस्त केली, त्यांना वर्षभर नीट शिकवून नवे काम देणे अवघड आहे काय? वाराणसीने ते अवघड नाही हे दाखवूनच दिले आहे.

सायकलचे एकशे ऐंशी रुपये

आता आपल्या टपाल बंधूंकडे येऊ. पोस्टमनची सायकल ही या देशातली सर्वांत स्वच्छ गाडी. तिला पेट्रोल नको, वीज नको. सातव्या वेतन आयोगाने तर सायकल भत्ता बंदच करा अशी शिफारस केली होती. संघटनांनी धरून ठेवले म्हणून २०१७ मध्ये तो पोस्टमन आणि रेल्वेचे ट्रॅकमन यांच्यासाठी राहिला. किती? महिन्याला ९० रुपयांचे १८० रुपये झाले. दिवसाला सहा रुपये! एक पंक्चर काढायलाही ते पुरत नाहीत.

आणि कराचे पाहा. ऑगस्ट २०१९ पासून विजेच्या मोटारीवर जीएसटी ५ टक्के होता. त्याच काळात सायकलवर किती होता? १२ टक्के. सप्टेंबर २०२५ मध्ये सायकलही ५ टक्क्यांवर आली, म्हणजे सहा वर्षे या देशात पोस्टमनच्या सायकलवर लक्षाधीशाच्या इलेक्ट्रिक मोटारीहून दुपटीपेक्षा जास्त दराने कर होता. हरित धोरण, हरित धोरण म्हणतात ते हेच काय?

एका उपनगरातल्या टपाल कार्यालयात काम करणारा आमचा एक साथी मध्यंतरी युनियनच्या खोलीत आला. त्याने पदरचे कर्ज काढून विजेची दुचाकी घेतली होती, कारण वस्ती वाढली, इमारती वाढल्या, बीट लांबले, पार्सले जड झाली. तो म्हणाला, 'भाऊ, गाडी माझी, हप्ता माझा, घरच्या मीटरवरची वीज माझी, आणि टपाल सरकारचे!' आम्ही सगळे हसलो. पण त्यात हसण्यासारखे काही नव्हते. त्याच्याच बीटमध्ये खाजगी कंपन्यांची पार्सले वाटणारी पोरे भाड्याच्या ई-स्कूटरवरून धावतात. दिवसाचे भाडे आधी कापले जाते, उरले ते त्यांचे. आजारी पडले तर तेही नाही. आज ते पोर आपल्याला प्रतिस्पर्धी वाटते. उद्या खाते आपलेही काम त्याच पद्धतीने करून घेणार नाही कशावरून? साधने कामगाराने आणायची आणि काम मालकाचे करायचे, ही पद्धत ग्रामीण डाकसेवकाने वर्षानुवर्षे भोगली आहे. तो स्वतःच्या घरात टपालघर चालवतो आणि तरीही त्याला नियमित सरकारी कर्मचारी मानले जात नाही.

वीज विधेयकाची गोम

शेवटी सर्वांत नाजूक मुद्दा. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राने वीज कायद्यातील दुरुस्तीचा मसुदा प्रसिद्ध केला. त्यात एक प्रस्ताव असा की कारखाने, रेल्वे आणि मेट्रो यांच्यावरचा क्रॉस-सबसिडीचा बोजा पाच वर्षांत संपवायचा. साध्या भाषेत सांगायचे तर मोठे ग्राहक विजेला थोडा जास्त दर देतात आणि त्यातून शेतकऱ्याला व गरीब घराला वीज स्वस्त मिळते, ती पद्धत मोडायची.

रेल्वे कामगाराला वाटेल, चांगले आहे की! रेल्वेचे वीजबिल कमी होईल, तोटा घटेल, मग आपल्या मागण्यांना पैसा उरेल. बंधूंनो, हाच तर सापळा आहे. रेल्वेचे नाव पुढे केले आहे, पण तिच्या आडून सवलत घेणार ते बडे कारखानदार. आवळा देऊन कोहळा काढायचा हा प्रकार आहे. आणि रेल्वे कामगार ड्यूटी संपवून घरी जातो तेव्हा तो कोण असतो? तो घरगुती ग्राहक असतो. गावाकडे त्याच्या भावाच्या विहिरीवर पंप असतो. रेल्वेच्या बिलात जे वाचेल ते त्याच्या घरच्या आणि भावाच्या बिलात चढेल. सरकार म्हणेल, गरिबाला थेट अनुदान देऊ. गॅसच्या सिलिंडरचे अनुदान थेट खात्यात येऊ लागले आणि पुढे कसे विरघळून गेले, ते आपण पाहिलेच आहे.

रेल्वे ही सार्वजनिक सेवा आहे, तिला वीज रास्त दरात मिळाली पाहिजे, ही आपलीही मागणी आहे. पण तिचा भार अर्थसंकल्पाने उचलावा, शेतकऱ्याने नव्हे. जानेवारी २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या वीज कर्मचाऱ्यांनी समांतर खाजगी वितरण परवान्याविरुद्ध संप केला आणि सरकारला पहिल्याच दिवशी बोलणी करावी लागली. तो लढा एकट्या वीज कामगारांचा नव्हता. फायद्याचे शहर खाजगी कंपनीकडे आणि तोट्याचे खेडे सरकारी कंपनीकडे, हा डाव टपाल खात्यात कुरियर कंपन्यांनी आपल्याशी कधीच खेळला आहे. फायद्याचे पत्र त्यांचे, गडचिरोलीच्या पाड्यावरचे पत्र आपले!

मग आमचे म्हणणे काय?

नुसती टीका करून थांबणे आपल्या संघटनेच्या परंपरेत बसत नाही. म्हणून आमचे म्हणणे स्वच्छ शब्दांत मांडतो.

१) सबसिडी हवीच, पण ती आधी रेल्वेला, सार्वजनिक बसला, रिक्षावाल्याला आणि सायकलीला. महागड्या खाजगी मोटारीवरची करसवलत किमतीप्रमाणे कमी होत जावी.

२) सार्वजनिक पैशातून येणारी बस सार्वजनिक मालकीची असावी, तिचा चालक आणि तिची दुरुस्ती करणारा कामगार संस्थेच्या कायम सेवेत असावा. कंत्राटच असेल तर बिलाच्या हमीबरोबर वेतनाची आणि प्रशिक्षणाचीही हमी लेखी असावी.

३) डिझेल शेड, मेल मोटर सर्व्हिस आणि कारखाने यांतल्या प्रत्येक कामगाराला नव्या तंत्राचे पूर्ण प्रशिक्षण मिळावे. त्या काळात पगार, ज्येष्ठता आणि पदोन्नती यांना धक्का लागू नये. तंत्र बदलले म्हणून एकही पद रद्द होऊ नये.

४) टपालवाटपासाठी विजेच्या गाड्या खात्याने द्याव्यात, चार्जिंगची सोय कार्यालयात व्हावी, आणि ग्रामीण डाकसेवकांनाही ती मिळावी. जिथे कर्मचारी स्वतःचे वाहन वापरतो तिथे प्रत्यक्ष खर्चाइतका भत्ता मिळावा. आठव्या वेतन आयोगापुढील लढ्यात हा मुद्दा मागे पडता कामा नये.

५) ज्येष्ठ नागरिकांची रेल्वे सवलत परत सुरू करावी. आणि तिकिटावर तोट्याची ओळ छापायचीच असेल, तर विजेच्या प्रत्येक महागड्या मोटारीच्या पावतीवरही सोडलेल्या कराची ओळ छापावी!

पाचवी मागणी वाचून काही जण हसतील. हसू देत. पण विचार करा, ही एक ओळ छापली गेली तर दुसऱ्याच दिवशी देशात केवढा गोंधळ उडेल! मोटारीवाल्याला ती ओळ अपमान वाटेल. तोच अपमान दुसऱ्या वर्गाच्या प्रवाशाने मात्र मुकाट्याने खिशात घालून फिरायचा.

काल कोळशाचे इंजिन गेले, आज डिझेलचे जात आहे. बदल आपल्याला नवा नाही. प्रत्येक बदलात घाम आपण गाळला आणि प्रत्येक वेळी हिशेब दुसऱ्यांनी लिहिला. १९७४ च्या मे महिन्यात ज्यांनी चाके थांबवली, त्यांचे वारस आपण आहोत. या वेळी हिशेबाच्या वहीत आपलेही बोट असले पाहिजे. आपल्या शाखेच्या पुढच्या सभेत हा विषय घ्या. वीज कामगार, एसटी कामगार, बेस्ट कामगार यांना सभेला बोलवा. ट्रॅकमनला आणि पोस्टमनला एकाच बाकावर बसवा. सायकलचे एकशे ऐंशी रुपये दोघांनाही सारखेच मिळतात, तेव्हा बोलायला विषय शोधावा लागणार नाही.

कामगार एकजुटीचा विजय असो!